अण्णांचा कागद

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद डकवलेला आहे. त्यावर गाड्यांच्या वेळा, सगळ्या शिसपेन्सिलीत. अण्णांचं म्हणणं, रेल्वेची वेळ शाईनं लिहायची नसते. खोडून खोडून हुतात्मा एक्स्प्रेसपुढचा कागद इतका झिजलाय की पलीकडचं दार दिसतं.

बाहेरच्याला आम्हा सोलापूरकरांचं बोलणं विचित्र वाटत असणार. "सिद्धेश्वर लेट आहे," "हुतात्मा चुकली," असं आम्ही सहज म्हणतो. ग्रामदैवताला बिनदिक्कत लेट म्हणणारे आम्हीच. म्हणजे आम्ही आणि महालक्ष्मीनं जाणारे कोल्हापूरकर. हुतात्मा मात्र चुकली की आत कुठंतरी टोचतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांचं नाव आहे ते.

पूर्वी दौंडपासून इकडं बराचसा मार्ग एकेरी होता. कुठल्याशा आडस्टेशनावर गाडी क्रॉसिंगला उभी राहायची. लोक खाली उतरायचे, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सुटायची, समोरून मालगाडी धडधडत गेली की पुन्हा डब्यात. आता मार्ग दुहेरी झाला, वर विजेच्या तारा आल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईची वंदे भारत सुरू झाली. अण्णांनी तिच्यासाठी कागदाला खाली एक पट्टी चिकटवली.

वेळापत्रकातली एक गंमत त्यांनीच मला दाखवली. शेवटच्या टप्प्याला मुद्दाम जास्त मिनिटं दिलेली असतात. म्हणून मोहोळला उशिरा आलेली गाडी सोलापुरात वेळेवर पोचते. "आपल्या लग्नपत्रिकेसारखंच की," अण्णा म्हणतात.

पण दहा मिनिटांचा बदल वाटतो तेवढा साधा नसतो. एकदा आमच्या गाडीची वेळ अकरा पंचावन्नवरून बारा पाचवर गेली होती. मी जुन्याच अंदाजानं तिकीट काढलं, शनिवार रात्रीचं. जेवून, डबा बांधून फलाटावर गेलो. टीसीनं तिकीट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "साहेब, ही रविवारची गाडी आहे. तुमची काल रात्रीच गेली." बारा वाजले की तारीख बदलते हे शाळेत शिकलो होतो, बॅग घेऊन पुलावरून परत येताना पटलं.

घरी आलो तेव्हा अण्णा जागेच. काही बोलले नाहीत. कपाट उघडलं, कानावरची पेन्सिल काढली आणि बारा पाचच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं : "आदला दिवस धरू नये."

मग डब्यातल्या भाकऱ्या दोघांनी मिळून खाल्ल्या.