पोराला पाठवू काय तुमच्याबरोबर?

"दादा, आमचं पोरगं तुमच्या ग्रुपबरोबर गाडी घेऊन जातो म्हणतंय. पाठवू काय?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी दूध आणायला गेल्यावर, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी रात्री उशिरा फोनवर. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. वडील विचारतात तेव्हा विषय गाडीचा असतो, साडेतीनशे सीसी झेपंल काय, सेकंडहँड घेऊ काय. आई मात्र थेट पाठवू की नको एवढंच विचारते. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या वहिनींनी विचारलं आणि मी जिन्यात उभ्याउभ्या "बघूया की" म्हणून सटकलो. ते बरं केलं नाही. आता नीट सांगतो, त्यांनाही आणि बाकीच्यांनाही.

आम्ही मोटारसायकलवर फिरणारे बाराजण आहोत. महिन्यातला एक रविवार ठरलेला. पहाटे फुलेवाडी नाक्यावर जमायचं आणि गगनबावडा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, नाहीतर मलकापूरवरून आंबा घाट. सुट्टी जोडून आली की आजऱ्यावरून आंबोली. कोल्हापूरकराला घाट शोधायला लांब जावं लागत नाही. तासा-दीड तासात सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहता येतं, आणि ते सुख मला अजून पुरलेलं नाही.

पण वहिनी, उत्तर द्यायचं तर आठ वर्षांमागची एक सकाळ सांगायला पाहिजे.

जानेवारी महिना, उसाचा हंगाम जोरात. आम्ही नऊ गाड्या गगनबावड्याला निघालो होतो. पुढं मी. सगळ्यात मागं एक नवा मुलगा, बावीस वर्षांचा, दुसरीच ट्रिप. बालिंग्याच्या पुलानंतर त्याच्या मागच्या सीटवरची बॅग सैल झाली म्हणून तो थांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही. बॅग बांधून निघाला तर पुढं एकही गाडी दिसेना, मग त्यानं आम्हाला गाठायला गाडी पिळली. आम्ही वर जाऊन चहा सांगितला. आठ गाड्या लागलेल्या, नववी नाही. कुणीतरी म्हणालं, "येईल की मागनं." मी पण मान डोलावली. दुसरा चहा झाला.

कळे गावाच्या पुढं एका वळणावर शेतातून उसाची ट्रॉली नुकतीच रस्त्यावर चढली होती. चाकांनी आणलेला ओला चिखल डांबरावर, त्यावर पाचट, आणि वरून पहाटेचं दव. त्या पोराच्या गाडीचं मागचं चाक तिथं घसरलं. ऊसतोडीच्या बायका धावत आल्या. एका म्हातारीनं त्याच्या डोक्यावर पदराची सावली धरली होती असं तो नंतर सांगायचा. त्यांच्या मुकादमानं 108 ला फोन लावला. मला लावला तेव्हा माझ्या फोनला रेंज नव्हती. चाळीस मिनिटं आमच्यातला एकही माणूस त्याच्याजवळ नव्हता.

कॉलरबोन मोडलं, कोपर सोलून निघालं, जीव वाचला. त्याचं हेल्मेट आजही माझ्या कपाटात आहे. हनुवटीवरचा भाग एका बाजूनं दगडावर घासल्यासारखा सपाट झालाय, आणि त्या ओरखड्यात उसाच्या पाल्याचा एक सुकलेला धागा अडकून बसलाय. मी तो काढलेला नाही. अर्धं हेल्मेट असतं तर तिथं हनुवटी होती. नवा माणूस आला की ते हेल्मेट मी त्याच्या हातात देतो आणि गप्प बसतो.

त्याच्या आईला फोन मीच केला. त्या माउलीनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही पुढं हुतासा न्हवं?"

त्या दिवसापासून आमच्यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस पुढचा राहिला नाही. मागचा झाला. बाहेरचे ग्रुप त्याला स्वीप म्हणतात, आम्ही मागचाच म्हणतो. तो सगळ्यांत मुरलेला, शांत डोक्याचा. भगव्या रंगाचं चमकणारं जॅकेट फक्त त्याच्याच अंगात. त्याच्याकडं पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी आणि सगळ्यांच्या घरचे नंबर कागदावर लिहिलेले, कारण मोबाइल लॉक असतो नाहीतर फुटलेला असतो. कुणीही थांबलं तर मागचा थांबतो. त्याला ओलांडून कुणी मागं राहू शकत नाही.

आणि फाटा आला की, नवखा सोडून, पुढच्याच्या मागची पहिली गाडी तिथं बाजूला लागते. तो माणूस प्रत्येकाला हातानं दिशा दाखवतो आणि भगवं जॅकेट दिसेपर्यंत जागा सोडत नाही. मग तो मागच्याच्या पुढं लागतो. पुढच्या फाट्यावर दुसरा उभा राहतो. यात रेंज लागत नाही, मॅप लागत नाही. मुख्य म्हणजे कुणालाच पुढच्याला गाठायची घाई उरत नाही. रस्ता चुकणार नाही, आपल्याला टाकून कुणी जाणार नाही, एवढी खात्री असली की माणूस आपल्या वेगानं चालवतो. त्या पोराला बालिंग्यात ही खात्री असती तर तो निवांत आला असता. ग्रुपमधले बरेचसे अपघात मागं पडलेल्याच्या घाईतून होतात, हे माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

पुढच्याचं काम म्हणजे सगळ्यात नवख्याला झेपेल तेवढाच वेग धरायचा. नवखा माणूस त्याच्या पाठीमागं दुसरा किंवा तिसरा, कधीही शेवटी नाही. बारा गाड्यांची एक माळ आम्ही करत नाही. सहा-सहाच्या दोन तुकड्या, मध्ये चांगलं अंतर, म्हणजे मागून येणाऱ्या एसटीला किंवा जीपला टप्प्याटप्प्यानं पुढं जाता येतं. लांबलचक माळ असली की तो ड्रायव्हर वैतागतो, मध्येच घुसतो, आणि त्याचं त्यात चुकतं असंही नाही. सरळ रस्त्यावर एक गाडी थोडी उजवीकडं, पुढची थोडी डावीकडं, अशी तिरकी रांग. घाटात, गावात आणि अरुंद रस्त्यावर एकामागं एक.

अंतराचं गणित मी पोरांना बोलून शिकवतो. पुढची गाडी मैलाच्या दगडापाशी गेली की मनात म्हणायचं, "एक गगनबावडा, दोन गगनबावडा". ते संपायच्या आत तुम्ही दगडापाशी पोचलात तर फार जवळ आहात. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. पुढच्याच्या ब्रेकचा लाल दिवा बघून आपली बोटं दांड्यावर पडेपर्यंतच तेवढी जमीन संपते. पाऊस असला तर चार गगनबावडे.

ओव्हरटेकचा नियम एकच, आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या महिन्यात आम्ही बोलावत नाही. पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही. पुढच्याला जो रस्ता मोकळा दिसला तो त्याच्या जागेवरून, त्या क्षणाला. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडायला किती लांबलचक मोकळा रस्ता लागतो ते एकदा मागं राहून बघा. आणि जो पलीकडं गेला त्यानं लगेच वेग कमी करायचा नाही, मागच्याला शिरायला जागा ठेवत पुढं सरकायचं. ही चूक चांगले चालवणारेही करतात.

आता आपल्या रस्त्यांचं. वहिनी, हायवेची मला एवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती संध्याकाळी सहा ते आठच्या गावाकडच्या रस्त्याची. समोरून एक दिवा येताना दिसला की आपण मोटारसायकल समजतो आणि आपल्या अंदाजानं बाजू देतो. तो एका दिव्याचा ट्रॅक्टर असतो, आणि फुटलेला दिवा नेमका आपल्या बाजूचा असतो. ट्रॉलीच्या मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. कारखाने सुरू झाले, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगंमागं, की मार्चपर्यंत आम्ही सूर्य मावळायच्या आत शहरात असतो. यात सूट नाही. ट्रॅक्टरवाल्यावर माझा राग नाही, तो बिचारा दोन-दोन रात्री कारखान्याच्या रांगेत जागलेला असतो. म्हणून तर त्याच्यापासून लांब राहायचं.

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गवा. तिथलं अभयारण्य 1958 पासूनचं, ओळखलं जातं गव्यासाठीच. उन्हं उतरली की कळप रस्ता ओलांडतात. एक गवा गेला की मोकळं झालं असं समजायचं नाही, मागं कळप असतो. लांबच थांबायचं, इंजिन पिळायचं नाही, हॉर्न द्यायचा नाही, फोटोसाठी पुढं सरकायचं नाही. त्याला रस्ता पाहिजे असतो, तेवढा देऊन टाकायचा.

पावसाळ्यात पंचगंगेची पातळी बघितल्याशिवाय आम्ही ठरवत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ आहे. पण पाणी 39 ला पोचायच्या कितीतरी आधी आतले बंधारे बुडतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे वरून जेमतेम एका गाडीची वाट, पुष्कळ ठिकाणी बाजूला कठडाच नाही. वरून वीतभर पाणी वाहतंय, पलीकडं गाव दिसतंय, आणि गावातलाच कुणीतरी म्हणतो, "जातंय की, काल मी गेलो." अशा वेळी तीस किलोमीटरचा वळसा घ्यायचा. वाहत्या पाण्याखाली काय वाहून गेलंय ते वरून दिसत नाही.

घाट उतरताना न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणारी माणसं अजून आहेत. करूळ असो की भुईबावडा, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापणार नाहीत. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, आणि एसटी वळण घेताना ती पूर्ण रस्ता घेणार हे धरूनच चालायचं. धबधबा बघायला वळणावर गाडी लावायची नाही. बाकी टायरची हवा, चेन, ब्रेक हे आदल्या संध्याकाळी बघायचं, पहाटे नाक्यावर नाही.

गावातून जाताना तीसच्या खाली, एका रांगेत, आणि सायलेन्सर कंपनीनं दिलेला. फटाके फोडणारी गाडी आमच्यात येत नाही. उंबऱ्यात बसलेली आजी दचकते, दावणीची म्हैस बुजते, लेकरू आवाज बघायला रस्त्यावर धावतं. ज्या गावानं आमच्या पोराला उचललं त्या गावातून आम्ही कसं जायचं हे मला कुणी शिकवायला नको. उचलणाऱ्याच्या मनात पोलीस केसची भीती असते म्हणून हेही सांगतो: 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आलंय. चांगल्या मनानं जखमीला मदत करणाऱ्याला त्यापायी कारवाईला सामोरं जावं लागत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. त्या मुकादमाला असलं काही माहीत नव्हतं, तरी त्यानं फोन लावला.

परतीचा शेवटचा पाऊण तास सगळ्यात वाईट. पोट भरलेलं, पाठ आंबलेली, ओळखीचा रस्ता, घर जवळ. म्हणून कळ्यात आम्ही दहा मिनिटं उगाचच थांबतो, तोंडावर पाणी मारतो. तिथली चहावाली मावशी गाड्या मोजते. "बारा आलासा, बारा चाललासा, बेस झालं," म्हणते.

घरी पोचलं की ज्यानं त्यानं ग्रुपवर "पोचलो" टाकायचं. मागचा माणूस बारावा निरोप येईपर्यंत जेवायला बसत नाही. परवा एकजण मेसेज टाकायला विसरून झोपी गेला, तर मागचा रात्री साडेनऊला त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

तर वहिनी, पाठवा. लायसन्स पक्कं असलं पाहिजे, रात्रीची झोप झालेली असली पाहिजे, आणि हनुवटी झाकणारं आयएसआयचं हेल्मेट पाहिजे. मागं कुणी बसणार असेल तर दोन. पहिल्या तीन ट्रिपा तो माझ्या पाठीमागं दुसऱ्या नंबरवर चालवेल. कुणी कितीही चिडवलं तरी वेग त्याचा तोच ठरवेल, आणि चिडवणाऱ्याकडं मी बघतो. तुमचा नंबर मागच्याच्या कागदावर लिहून घेतो. रविवारी पहाटे साडेपाचला त्याला नाक्यावर सोडा. निघताना दारात तेवढं हेल्मेटचा पट्टा ओढून बघा, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल असावा.