मंद पेटणारा बॅटरीचा दिवा

व्हॅन जुनी, पण मालकाने जिवापाड जपलेली. तक्रार अशी की मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा दिवसा दिसत नाही, रात्री हेडलाइट लावले की मंद पेटतो. दुसऱ्या गॅरेजमध्ये आधी डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बदलून झाला होता, मग बॅटरी. दिवा तसाच. "आता अजून एक डायनामो घ्यायचा का?" त्यांनी काकुळतीने विचारलं.

म्हटलं, आधी मोजू, मग काय खोलायचं ते बघू.

चावी फिरवली की करंट या दिव्याच्या बल्बमधून डायनामोच्या डी-प्लस टर्मिनलला (दिव्याची वायर जोडतात ते टोक) आणि तिथून रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, वाइंडिंगमधून अर्थला जातो. म्हणून दिवा लागतो, आणि रोटरला सुरुवातीचं चुंबकत्वही त्याच करंटने मिळतं. डायनामो चार्जिंग करू लागला की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, दिवा विझतो. दोन टोकांत फरक राहिला की तो पेटणार, मग कमी कुठल्याही बाजूला असो. इंजिन चालू असताना दिवा लख्ख पेटला तर मी आधी पट्टा, कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश), रेग्युलेटर बघतो. मंद पेटला तर डायनामोतल्या डायोडचा किंवा वायरिंगचा संशय घेतो.

हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावला: 12.3 व्होल्ट. डायनामोच्या मागच्या जाड बोल्टवर 14.3. डायनामो आपलं काम चोख करत होता, दोन व्होल्ट वाटेतच गळत होते! मग मल्टीमीटरचं एक टोक त्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर धरलं. तोच आकडा, 2.0. धड वायरिंगमध्ये इथे दोन-तीन दशांशाच्या वर जायला नको. अर्थची बाजूही तशीच तपासली, तिथे जवळजवळ शून्य. (हे माप लोड चालू असतानाच घ्यावं. करंट कमी असला की खराब जोडही चांगला दिसतो.)

डायनामोची जाड केबल आधी सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) बोल्टवर येते, तिथून पुढे बॅटरीला. टप्प्याटप्प्याने मोजत गेलो तेव्हा सगळी गळती सेल्फकडच्या थिंबलमध्ये (केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या धातूच्या कडीत) सापडली. इंजिन बंद करून बोट लावलं तर चटका बसला. बॅटरीचा मायनस काढला, थिंबलजवळचं इन्सुलेशन चिरलं. आतलं तांबं हिरवंकाळं पडलेलं, बऱ्याच तारा तुटलेल्या, उरलेल्या बोटाने चोळल्या की भुगा. वरून मात्र केबल धडधाकट दिसत होती.

त्याच जाडीची नवी केबल, दाबून बसवलेलं नवं थिंबल. पुन्हा सगळा लोड लावून मोजलं: बॅटरीवर 14.1, गळती 0.15. शटर ओढून अंधार केला आणि मालकांना सीटवर बसवलं. दिवा पूर्ण विझलेला.

जुना डायनामो त्यांनी टाकला नव्हता, मागच्या सीटखाली होता. बेंचवर फिरवला. कार्बन निम्म्याहून जास्त शिल्लक, आउटपुट ठणठणीत. न मोजता काढलेला असा चांगला माल बघितला की मला खरंच वाईट वाटतं. पुसून परत दिला आणि सांगितलं, जपून ठेवा, कधीतरी लागेल.