इनबॉक्समधला बुरूज : बिमी लोगो कुठवर आला

मंडळी, बुरूज बसला! फास्टमेल या ईमेल सेवेच्या इनबॉक्समध्ये आमच्या गिरिभ्रमण संस्थेच्या मासिक पत्रकाशेजारी आता आद्याक्षराचा रंगीत गोल नाही, आमचा बुरुजाचा लोगो दिसतो. याहूवर अजून नाही, जीमेलवर तर नाहीच. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या सगळ्यांनाच थोड्याफार फरकाने याच वाटेने जावं लागेल, म्हणून कुठे काय अडलं ते लिहितोय.

बिमी म्हणजे इनबॉक्समध्ये मेलशेजारी पाठवणाऱ्याचा लोगो दाखवण्याची पद्धत. तिचं काम तसं एका ओळीचं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, 'डिफॉल्ट, टिंब, अंडरस्कोर बिमी' या नावाने एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकायचा. त्यात 'एल'पुढे लोगोच्या फाइलचा एचटीटीपीएस पत्ता, आणि लोगोचं प्रमाणपत्र असेल तर 'ए'पुढे त्याचा. पण मेल घेणारा सर्व्हर या ओळीकडे वळतो तो डीमार्क पास झाल्यावरच. डीमार्क म्हणजे 'फ्रॉम'मधल्या डोमेननेच मेल पाठवलाय का याची तपासणी, आणि नापास मेलचं काय करायचं ते त्याचं धोरण सांगतं. हे धोरण 'नन' (काहीच करू नका) असेल तर तेवढंही नाही. 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) किंवा 'रिजेक्ट' (नाकारा) हवं, आणि तेही शंभर टक्के मेलना लागू. त्यामुळे लोगोच्या नावाखाली बहुतेक वेळ गेला तो डीमार्कमध्ये, आणि माझ्या मते तोच सत्कारणी लागला.

धोरण 'नन'वर ठेवून मेल घेणाऱ्या सर्व्हरांकडून रोज येणारे डीमार्कचे एक्सएमएल अहवाल वाचत बसलो. पत्रकावरची डीकेआयएम सही (सर्व्हरने मेलवर केलेली डिजिटल सही) बरोबर होती. वेबसाइटच्या संपर्क फॉर्मचे मेल होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवरून बिनसहीचे जात होते, ते आपल्या पोस्टफिक्सकडे, म्हणजे स्वतःच्या मेल सर्व्हरकडे, वळवले. मग उरला एक चिवट स्रोत: गूगलचे सर्व्हर, थोडेसेच मेल, एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला परवानगी आहे का ही तपासणी) पास, डीकेआयएम पास, तरी डीमार्क नापास. हे आमचे खजिनदार काका. त्यांनी फार पूर्वी आपल्या जीमेलमध्ये संस्थेचा पत्ता जोडून घेतलेला. सही आणि परतीचा पत्ता दोन्ही जीमेलच्या नावाचे, 'फ्रॉम'मध्ये मात्र आम्ही. मग डीमार्कला हवं तसं 'फ्रॉम'शी जुळणार कसं?

"अरे, माझे मेल जातायत की सगळ्यांना. कशाला हात लावतोस?"

"काका, आज जातायत. धोरण कडक केलं की देणगीच्या पावत्यांसकट स्पॅममध्ये पडतील."

पावत्यांचं नाव काढल्यावर फोन लगेच हातात मिळाला. त्यांच्या सेटिंगमध्ये आपला एसएमटीपी (मेल पाठवणारा सर्व्हर) भरला, अहवाल स्वच्छ यायला लागले आणि मग धोरण 'क्वारंटाइन' केलं. सबडोमेनचं धोरण, म्हणजे 'एसपी', तेवढं तपासा. तिथे जुनं 'नन' राहिलं असेल तरी बिमी बसत नाही.

आता फाइल. साधा एसव्हीजी (रेषा-आकारांनी बनलेल्या चित्राची फाइल) चालत नाही, 'टायनी पीएस' नावाचा सोवळ्यातला प्रकार लागतो. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलला टेक्स्ट एडिटरने साफ करावं लागतं. मूळ टॅगमध्ये व्हर्जन १.२ आणि बेसप्रोफाइल 'टायनी-पीएस' लिहायचं, एक्स-वाय काढायचे, आत टायटल टॅग द्यायचा. स्क्रिप्ट, अ‍ॅनिमेशन, फिल्टर, बाहेरून ओढलेलं चित्र यातलं काहीही नको. स्टाइलमध्ये कोंबलेले रंग सुटे करून फिल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आणायचे. 'ऑप्टिमाइज्ड एसव्हीजी' म्हणून सेव्ह करताना तसा पर्याय मिळतो. चित्र चौरस, पार्श्वभूमी भरीव, आणि फाइल ३२ केबीच्या आत ठेवलेली बरी.

देवनागरी अक्षरं असतील तर पुढचं नीट वाचा. आमच्या बुरुजाखाली 'गड' आहे. फाँट चालत नाही म्हणून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून अक्षरांचे नुसते आकार केले, तर 'ग'ची शिरोरेषा वेगळी आणि 'ड'ची वेगळी, कडेला कड लावून ठेवल्यासारखी. पडद्यावर मोठं करून बघितलं तर एकसंध, पण नखाएवढ्या गोलात नेमक्या त्या सांध्यावर केसभर फट चमकते. दोन्ही निवडून युनियन केलं की जाते. शिवाय बहुतेक ठिकाणी चौरसाचा गोल कापला जातो, तेव्हा शिरोरेषेची टोकं कडेपासून बरीच आत हवीत. अक्षरं बुरुजाच्या वर ठेवण्याचा बेत मी त्यापायीच सोडला.

जुन्या लोगोत अख्खी तटबंदी होती. ती लहान आकारात फणीसारखी दिसायची, म्हणून आता एकच बुरूज. बदलताना जुन्याच नावावर नवी फाइल चढवू नका, मधल्या कॅशमधून जुनं चित्रच येत राहतं. नव्या फाइलला नवं नाव द्या आणि रेकॉर्डमधला पत्ता बदला. त्याआधी टीटीएल (रेकॉर्ड इतरांनी किती वेळ साठवायचा ती मुदत) खाली आणून ठेवा. जुनी फाइलही काही काळ जागेवर राहू द्या.

दिवाळीत आकाशकंदिलासह बुरूज दाखवायचा विचार आहे. वेगळ्या सिलेक्टरखाली, म्हणजे 'डिफॉल्ट'च्या जागी दुसरं नाव देऊन, दुसरा रेकॉर्ड आणि मेलमध्ये 'बिमी-सिलेक्टर' हेडर, एवढंच लागतं. ते हेडर डीकेआयएमच्या सहीत यायला हवं, म्हणून सह्या करणाऱ्या आरस्पॅमडीच्या यादीत ते घालायचंय.

याहूला प्रमाणपत्र लागत नाही, पण घाऊक मेल आणि पाठवणाऱ्याची पत बघतात. आमचे याहूवाले वर्गणीदार मूठभर, तेव्हा वाट बघू. आउटलुक बिमी मानतच नाही. जीमेलने २०२१च्या जुलैत सुरुवात केली ती व्हीएमसी या लोगोची मालकी पडताळणाऱ्या प्रमाणपत्राच्या अटीवर, आणि त्यासाठी नोंदणीकृत ट्रेडमार्क हवा. हौशी संस्थेने त्या खर्चात पडू नये, जीमेलमध्ये नावापुढे पडताळणीची निळी खूण मिळत असली तरी. त्या पैशांत दोर येतील.

२०२४च्या सप्टेंबरपासून मात्र जीमेल सीएमसी हे दुसरं प्रमाणपत्रही मानतं. त्याला ट्रेडमार्क नको, पण तोच लोगो किमान १२ महिने जाहीर वापरात असल्याचा पुरावा हवा. निळी खूण मिळत नाही, लोगो मिळतो. अर्जदाराची ओळख तपासली जाते, पण आमची संस्था सोसायटी कायद्याखाली नोंदलेली आहे, त्यामुळे कागदपत्रांची अडचण नसावी. गोम अशी की लोगो बदलला की नव्या लोगोचे बारा महिने शून्यापासून मोजायचे. शिवाय चित्र प्रमाणपत्राच्या आतच असतं, म्हणजे नंतर रेघ जरी हलवली तरी प्रमाणपत्र नव्याने काढणं आलं.

म्हणून नवा बुरूज वेबसाइटच्या मुखपृष्ठावर चढवून पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात तारखेच्या पुराव्यासाठी जतन केलं, आणि जतन झालेल्या प्रतीत लोगो खरंच उमटलाय ना तेही उघडून बघितलं. अध्यक्षांना मात्र बुरूज करड्याऐवजी गेरूच्या रंगात हवाय. बदलायचा तर याच आठवड्यात सांगा, पुढे वर्षभर हात लावणार नाही, असं त्यांना कळवलंय.