पोलिसांवर देखरेख ठेवणारी माणसं निवडून द्यावीत का? तुम्ही विचारलंत म्हणून

बार रूममध्ये, शिबिरात, परवा तर लग्नाच्या पंगतीतही तोच प्रश्न आला. "मॅडम, पोलीस शासनाचे, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी माणसंही शासनानंच नेमलेली. मग ही माणसं लोकांनी थेट मतदानानं का निवडू नयेत? आणि तुम्ही आयुष्यभर ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्यात, तुम्हीच या मागणीवर सही का करत नाही?" तालुक्यातल्या तरुण वकिलांनी तसं निवेदन फिरवलं. मी सही केली नाही, तेव्हा त्यातल्या एकानं मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मॅडमचं साहेबांशी जमलं काय?" ते मनाला लागलं. म्हणून एकदाच नीट लिहिते.

ठाण्यात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांनी रिमांडला उभं राहून ते पाहिलंय.

तुमचं बरोबर काय आहे, ते आधी मान्य करते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 22 सप्टेंबर 2006 ला निकाल दिला, त्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं तक्रार प्राधिकरण राज्याला एक आणि प्रत्येक जिल्ह्याला एक असं सांगितलं होतं. महाराष्ट्रानं 2014 साली पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि जिल्ह्याऐवजी महसुली विभागाला एक ठेवलं. जिल्हे 36, विभाग 6. मार खाल्लेल्या माणसानं रोज बुडवून विभागाच्या गावी जायचं, तारीख पडली की परत जायचं. न्यायालयानं सांगितलं होतं की प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी. आपल्या कायद्यात शासन कारण नोंदवून ती नाकारू शकतं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असले तरी नेमणूक मंत्रालयातूनच होते. हे वाईट आहे, आणि मी त्याची वकिली करत नाही. सही न करण्याचं कारण दुसरं आहे.

कोरोना ओसरल्यानंतरच्या हंगामातली गोष्ट. आमच्याकडच्या एका गावात विहिरीवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. ज्यांची शेती नाही त्यांना यातलं दुःख कळणार नाही. कांद्याला पाणी द्यायच्या वेळी मोटार गेली की पीक डोळ्यांदेखत जळतं, आणि नवी मोटार उधारीवर मिळत नाही. लोक चिडले होते ते खोटं नव्हतं. ठाण्याला नवे पीआय आले होते आणि त्यांच्यावर वरून दबाव होता. एका पहाटे पथक गायरानावरच्या पालांवर गेलं आणि एका पारध्याच्या पोराला उचललं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल.

त्याची आई कोर्टाच्या गेटपाशी येऊन बसली. मी ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, "असा कोणी इथे नाही." स्टेशन डायरी दाखवा म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. दोन रात्री त्या पोराचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. मग अचानक अटक, पंचनामा, एक मोटार हस्तगत, आणि पीसीआरसाठी, म्हणजे पोलीस कोठडी मागायला, कोर्टात. अटकेपासून चोवीस तासांत कोर्टात हजर करायचा नियम कागदावर पाळलेला होता, कारण कागदच तिसऱ्या दिवशी सुरू झाला होता.

तो कोर्टात आला तेव्हा त्याच्या चपला हातात होत्या. तळवे इतके सुजले होते की चपलेत पाय जात नव्हता. तो टाचेवर भार देत, भिंतीला धरून आत आला आणि चपला जपून कठड्याशी ठेवल्या. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" त्यानं आईकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणाला. मी उठून चपलांकडे बोट दाखवलं आणि फेरतपासणीचा अर्ज दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांवरची सूज दाखल्यात लिहिली. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतका साफ कागद क्वचित हाती आला असेल. मी वरिष्ठांकडे तक्रार केली, ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. उत्तर आलं की कॅमेरे दुरुस्तीला दिले होते. परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं की चित्रण अठरा महिने ठेवा, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष तरी. पण जे टिपलंच नाही ते ठेवणार कुठून?

तो चोरीत होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. त्या तळव्यांचा त्या प्रश्नाशी काही संबंध नाही, हे मात्र मी कुणाशीही भांडून सांगेन.

आणि मग ग्रामसभा लागली. शाळेच्या पटांगणात, दुपारच्या वेळी, मी पाहिलेल्या कुठल्याही ग्रामसभेपेक्षा जास्त माणसं. विषय दोन: पीआय साहेबांच्या अभिनंदनाचा ठराव, आणि गायरानावरची पालं हटवण्याचा ठराव. मी गेले. बोलूही दिलं, हे गावाच्या बाजूनं सांगायलाच हवं. मी डॉक्टरांचा दाखला वाचून दाखवला. चोर असेल तर कोर्ट शिक्षा देईल म्हटलं. 1871 च्या कायद्यानं या लोकांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, आणि 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यानं पुसला, हेही सांगितलं. मागून एक जण शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या विहिरीवरची मोटार गेली असती तर?" कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. मग हात वर करायला सांगितले.

हात वर गेले. सगळे म्हटलं तरी चालेल. त्यात एक हात असा होता की मी क्षणभर माझी नजर चुकली असं समजले. त्या बाईचा पोटगीचा दावा मी लढवला होता. नवऱ्यानं डोकं फोडलं तेव्हा याच ठाण्यातून तिला "घरगुती आहे, मिटवून घ्या" म्हणून परत पाठवलं होतं. पोलीस काय असतात ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं. सभा उठल्यावर ती आपणहून माझ्याकडे आली. "ताई, राग मानू नका. रात्रीची लाइट असती तेव्हा पाणी द्यायला मी एकटीच जाते रानात. हे साहेब आल्यापासून भ्या वाटत न्हाई." मी तिला काही बोलले नाही. काय बोलणार होते? तिची भीती खरी होती आणि त्या पोराचे पायही खरे होते.

आठवड्याच्या आत पोराची आई स्टॅम्प पेपर घेऊन आली. तक्रार गैरसमजातून झाली, मागे घेत आहे. सोबत सरपंचांचा माणूस दाराबाहेर उभा होता. मी तिला आत घेऊन विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "आमाला तितंच ऱ्हायाचंय." अंगठा तिनं माझ्यासमोर दिला.

तुम्ही मला निवडणूक करा म्हणता तेव्हा मला हे पटांगण आठवतं. पोलिसांच्या माराविरुद्ध तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा असा असतो की ज्याच्या माराला गावाची ना नसते. पारधी, परगावचा मजूर, दुसऱ्या धर्माचा पोरगा, व्यसनी, कुणाची तरी मुलगी पळवली म्हणून उचललेला. या लोकांचा न्याय करणारा माणूस दर पाच वर्षांनी त्याच गावाकडे मतं मागायला जाणार असेल, तर तो पुढच्या मतदानाच्या वर्षात तळव्यांवरची सूज वाचेल का?

मी तरुण होते तेव्हा हेच निवेदन मी लिहिलं होतं. 2006 चा निकाल आला त्या वर्षी, याच बार रूममध्ये, प्रत्येक तालुक्याला निवडून आलेली देखरेख समिती हवी म्हणून. तेव्हाची मी आजच्या मला सोडत नाही. ती म्हणते, हात वर करणं म्हणजे मतदान नव्हे. सगळं गाव बघतंय, सरपंच बघतोय, तिथे त्या बाईनं हात खाली ठेवायचा कसा? पेटीत गुप्त मत टाकायला मिळालं असतं तर तिनं कुणाला दिलं असतं, ते तुला काय माहीत? हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. खरंच माहीत नाही.

ती पुढे म्हणते, राखीव जागा ठेव. पंचायतीत ठेवल्याच आहेत ना आपण. यावर मात्र माझं उत्तर आहे. राखीव जागेवर कोण बसणार हे सगळ्या मतदारांनी ठरवायचं, की ज्यांची जागा आहे त्यांनी, हा वाद 1932 साली येरवड्यात झाला आणि पुणे करारानं तो संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं मिटवला. गावाला चालेल तोच पारधी त्या जागेवर येईल, आणि ठाण्याशी भांडणारा पारधी गावाला चालत नाही.

इंग्लंडचं उदाहरण तुम्ही देता, म्हणून तेही पाहू. तिथे नोव्हेंबर 2012 मध्ये पोलिसांवर देखरेखीसाठी आयुक्त थेट निवडून द्यायला सुरुवात झाली. मतदान जेमतेम 15 टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्टमधल्या एका केंद्रावर तर एकही मत पडलं नाही. माझी भाची शेफिल्डला असते, भारतीय नागरिकालाही तिथे हे मत देता येत होतं. कुणाला द्यायचं हे तिला ठाऊक नव्हतं, शेजाऱ्यांनाही नव्हतं. तिच्याच साउथ यॉर्कशायरमध्ये ऑगस्ट 2014 मध्ये रॉदरहॅमचा अहवाल आला. 1997 ते 2013 या काळात सुमारे 1400 मुलांचं लैंगिक शोषण झालं, आणि पोलीस व नगरपालिका दोघांनी डोळेझाक केली. निवडून आलेले पोलीस आयुक्त त्याआधी काही वर्षं त्याच नगरपालिकेत बालसेवांची जबाबदारी सांभाळत होते. पंतप्रधानांपासून सगळे राजीनामा मागत होते, पण त्यांना काढायची तरतूदच कायद्यात नव्हती. अखेर सप्टेंबरात ते स्वतः गेले. आता 2028 मध्ये ही पदंच बंद करायचं तिथल्या सरकारनं जाहीर केलंय.

पण याच्या उलट बाजूही मलाच सांगावी लागेल. त्या सोळा वर्षांतली बहुतेक वर्षं तिथे निवडून आलेला आयुक्त नव्हताच. नगरसेवक आणि नेमलेले सदस्य यांचं मंडळ होतं, आणि त्या मंडळालाही त्या मुली दिसल्या नाहीत. तेव्हा रॉदरहॅम माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मी वापरू शकत नाही, तुम्हीही वापरू नका.

आपल्याकडे निवडून आलेलं माणूस यात अजिबात नाही असंही नाही. सैनी प्रकरणात प्रत्येक जिल्ह्याला जी कॅमेरा देखरेख समिती सांगितली, तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख आहेत. आणि 2022 पासून कित्येक वर्षं आपल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि महापालिकांवर प्रशासक बसले होते. ती एक खुर्ची भरायची तर भरायला निवडून आलेलं माणूसच नव्हतं. थेट निवडणुकीचं निवेदन फिरवण्याआधी आपल्या जिल्ह्यात ही समिती कधी बसली, तिनं कुठल्या ठाण्याचं चित्रण पाहिलं, एवढा माहिती अधिकाराचा अर्ज तरी टाका. मसुदा मी लिहून देते.

मी कशावर सही करेन, हे विचारलंत तर सांगते. तक्रारीची सुनावणी तालुक्याच्या कोर्टात झाली पाहिजे, विभागाच्या गावी नाही. तक्रारदार राहतो ती जागा चौकशी संपेपर्यंत कुणी हलवू नये, गायरान असलं तरी. तक्रार मागे घेतली तरी डॉक्टरांचा दाखला असेल तर चौकशी थांबू नये. यातली शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण माझी केस तिथेच मेली. आणि शासनानं शिफारस नाकारली तर कारण विधिमंडळात सांगावं. निवडून आलेल्यांनी तिथे जाब विचारावा, ते त्यांचं काम आहे.

निवेदन घेऊन आलेल्या त्या पोरानं (साहेबांशी जमलं का म्हणणारा तोच) हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या नेमलेल्या व्यवस्थेतही त्या आईनं अंगठा दिलाच ना? मग निवडणुकीनं आणखी काय बिघडणार होतं?" मी त्याला सांगितलं की आज निदान सूज लिहिणारा दुसरा डॉक्टर मिळाला, त्या डॉक्टरांना गावाकडे मतं मागायला जायचं नव्हतं. त्याला ते पटलं नाही. मलाही ते पुरेसं वाटत नाही. तरी सही करत नाही. निवेदनात या अटी घाला आणि पुन्हा घेऊन या, निवडणुकीचा मुद्दा तसाच ठेवलात तरी मी बसून बोलेन.