मार्लिन ३३६ : चाप झाला, साइट झाली, आता कॅरिअर

सप्टेंबर, शेवटचा शनिवार

रायफल घरी येऊन तीन आठवडे झाले. मार्लिन ३३६सी, खालची लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल, थर्टी-थर्टी काडतुसाची, २० इंची नळी, अक्रोडाचा दस्ता. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांची. डोळे साथ देईनात म्हणून त्यांनी विकायला काढली आणि पहिल्यांदा मला विचारलं, याचं मला फार अप्रूप आहे. पेनसिल्व्हेनियात रायफल दोन माणसांनी आपसात विकली तरी चालते. तरीसुद्धा आम्ही दोघं दुकानात गेलो, बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला, तपासणी होऊ दिली आणि मगच पैसे दिले. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून हे जमलं. एच-१बीवर असलेल्यांनी मात्र जपून राहा. शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद लागू होत नसेल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणंही त्यातच येऊ शकतं.

रायफलीचा नंबर २१ ने सुरू होतो. १९७३ नंतरच्या मार्लिनचं साल काढायची रीत सोपी आहे : १०० मधून पहिले दोन आकडे वजा करा. म्हणजे १९७९. नळीवर रिसीव्हरपाशी (नळीमागचा पोलादी सांगाडा) ‘जेएम’चा ठसा आहे. कनेटिकटमधल्या जुन्या कारखान्याची ही खूण, जॉन मार्लिन यांच्या आद्याक्षरांची. २००७ मध्ये कंपनी रेमिंग्टनकडे गेली, पुढे तो कारखाना बंद झाला, आणि २०२० मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत रुगरने मार्लिन विकत घेतली. आता नव्या रायफली नॉर्थ कॅरोलायनात बनतात आणि त्या चांगल्या आहेत. पण आडव्या बटणाची सेफ्टी १९८३ पासून आली. माझ्या रायफलीत ती नाही, घोड्याची (हॅमरची) अर्धी खाच, म्हणजे घोडा अर्धवट मागे अडवून धरणारी, तेवढी आहे. रिसीव्हरच्या बाजू सपाट, मोकळ्या. त्या तशाच राहणार.

काम सुरू करण्याआधी एक नियम ठरवला. परत फिरवता येणार नाही असं काही करायचं नाही. नवं भोक नाही, मूळ भागावर कानस नाही. जे निघेल ते तेल लावून पाकिटात, पाकिटावर तारीख आणि जागा. चिंचवडच्या टूलरूममध्ये सहा वर्षं काढली तेव्हाची ही सवय. माणूस जॉबवरून उठला तरी दुसऱ्याला पुढे काम करता आलं पाहिजे.

सर्वात आधी घेतले ते स्क्रू ड्रायव्हर. घरातल्या साध्या ड्रायव्हरचं पातं निमुळतं असतं, ते खाचेच्या तोंडाशीच अडतं आणि कडा फोडतं. बंदुकीसाठी समांतर पात्याचे बिट मिळतात, ते खाचेत तळापर्यंत भरून बसतात. आधीच्या कोणीतरी लिव्हरच्या स्क्रूचं डोकं चावून ठेवलं होतं. तो एकच स्क्रू नवा घेतला.

ऑक्टोबर, दुसरा आठवडा

चाप. जुन्या मार्लिनवाल्यांना सांगायची गरज नाही. घोडा ताणलेला असताना चाप लुळा पडतो, बोटाने मागेपुढे खुळखुळतो. कारण असं की यात चाप आणि सिअर हे दोन वेगळे तुकडे एकाच पिनवर बसवलेले आहेत. सिअर घोड्याला धरून असतो, चापाला धरणारं कोणी नसतं. नेम लावताना तो ढिलेपणा संपून खरं ओझं कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नाही. गेजवर मोजलं तेव्हा साडेसहा पौंड भरलं, आणि पाच वेळा मोजलं तर पाच वेगळे आकडे.

अलास्कातल्या अँकरेजच्या वाइल्ड वेस्ट गन्सचं ट्रिगर हॅपी किट मागवलं. त्यात दोन तुकड्यांच्या जागी एकच सलग तुकडा येतो. उघडणं अवघड नाही. आधी नळी आणि मॅगझिन रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि करंगळीने खात्री केली. मग लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर खाली निघते, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा) मागे सरकून हातात येतो. या क्षणी रिसीव्हरच्या आतला एजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा तुकडा) सुटून पडतो. त्याखाली रुमाल पसरून ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि तळघरात अर्धा तास टॉर्च घेऊन फिरलो.

बसवून झाल्यावर घाई केली नाही. रिकाम्या रायफलीवर आधी तपासण्या. लिव्हर केसभर उघडी ठेवून चाप ओढला : घोडा पडता कामा नये, पडला नाही. अर्ध्या खाचेवर चाप जोरात दाबला, तिथेही धरून राहिला. घोडा ताणून दस्त्याला सगळ्या बाजूंनी रबरी हातोडी मारली, प्रत्येक बाजूला दहा ठोके. तेव्हाही हलला नाही. रेंजवर पहिल्यांदा एकच काडतूस घातलं, मग दोन, मग तीन. चापाचं काम केल्यावर मॅगझिन भरून पहिली गोळी झाडणाऱ्याशेजारी मी उभा राहणार नाही.

आता साडेतीन पौंड, आणि पाचही वेळा जवळजवळ तोच आकडा. खुळखुळा पूर्ण गेला. चाप जिथे आहे तिथे आहे आणि मग तो सुटतो. दोघांमध्ये काही नाही. एवढ्या एका बदलासाठीसुद्धा ही सगळी खटपट केली असती.

ऑक्टोबर, अखेर

साइट. मूळची रिअर साइट नळीवर, डोळ्यापासून हातभर लांब. मला चाळिशी लागली आहे, त्यामुळे ती खाच, पुढचा मणी आणि लक्ष्य या तिन्हींतलं एकच स्पष्ट दिसतं. पीप साइटमध्ये भोक डोळ्याजवळ येतं, आणि भोकाकडे बघायचंच नसतं. त्यातून बघायचं. गोलाचा मध्य डोळा आपोआप शोधतो, लक्ष फक्त पुढच्या साइटवर राहतं.

मोंटानाच्या स्किनरची एक्स्प्रेस पीप साइट घेतली. रिसीव्हरच्या माथ्यावर स्कोपसाठी कारखान्यातूनच आटे पाडलेले आहेत, त्यातल्या मागच्या दोन भोकांत ती बसते. मार्लिनचा माथा बंद आणि रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडतं, याचा फायदा इथे होतो. जुन्या विंचेस्टर ९४ मध्ये ते वरून उडतं.

इथे माझ्या हातून चूक झाली. दोन स्क्रू एका पाकिटातले आणि दोन दुसऱ्यातले, टेबलावर मिसळले. मी लांब स्क्रू आवळला. लिव्हर चालवली तर शेवटी हलकीशी खरखर. बोल्ट काढून बघितला, तर माथ्यावर तांदळाएवढी चकाकती रेघ. स्क्रूचं टोक आत उतरून बोल्टला घासत होतं. रेघ नुसती रंगापुरती आहे, धातूत नखाला लागत नाही, पण ती मला दर वेळी दिसणार. माथ्यावर काहीही बसवलंत तर आवळल्यावर लिव्हर सावकाश चालवा आणि कान द्या. नंतर बरोबरचे स्क्रू, ढिले होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट लावून, १५ इंच-पौंडावर आवळले.

पन्नास यार्डांवर पाच गोळ्या. भोकांचा गठ्ठा सुंदर, पण मध्यापासून साडेपाच इंच वर, तेही पीप पूर्ण खाली उतरवून. म्हणजे फ्रंट साइट उंच हवी. पुढची साइट वाढवली की नेम धरताना नळीचं तोंड खाली येतं आणि गोळी खाली लागते. मागच्या साइटचं उलट. हिशोब त्रैराशिकाचा आहे. दोन साइटमधलं अंतर मी मोजलं ते २४.५ इंच. पन्नास यार्ड म्हणजे १,८०० इंच. साडेपाच गुणिले साडेचोवीस, भागिले अठराशे : ०.०७५ इंच, आपल्या टूलरूमच्या भाषेत ७५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मी ८० थाऊने उंच साइट मागवली, कारण पीप वर घ्यायला जागा आहे, खाली घ्यायला नाही.

जुनी साइट पितळी पंचाने डावीकडून उजवीकडे काढली, नवी उजवीकडून डावीकडे घातली. खाचेभोवती दोन थर चिकटपट्टी, म्हणजे पंच निसटला तरी पोलादावरच्या निळ्या-काळ्या थरावर ओरखडा नाही. नव्या उंचीमुळे फ्रंट साइटवरचं गोल आवरण आता बसत नाही, ते पाकिटात गेलं.

नोव्हेंबर, दुसरा रविवार

हरणांचा मोसम जवळ आला की क्लबात बाकड्याला नंबर लावावा लागतो. मी शिकारीला जात नाही, माझं कागदावरच भागतं, म्हणून सकाळी सातला पोचलो. हिमाचा पातळ थर होता.

पन्नासला पहिला गठ्ठा मध्यापासून नखभर खाली. पीप थोडी वर घेतली, काम झालं. मग शंभर यार्ड, १७० ग्रेन वजनाची, चपट्या नाकाची गोळी. या रायफलीत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक बसतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (प्रायमरवर, जिथे ठोका बसला की बार उडतो) टेकतं. म्हणून इथे टोकदार गोळी कधीच नाही. टोकदार हवीच असेल तर हॉर्नडीची लिव्हरेव्होल्यूशन, तिचं टोक मऊ पॉलिमरचं असतं.

जुन्या साइटवर पाच गोळ्या साडेचार इंचांत येत होत्या. आज तीन गठ्ठे झाले : २.७, २.४ आणि ३.१ इंच. नळी ४६ वर्षांपूर्वीची आहे, मायक्रो-ग्रूव्ह, म्हणजे आत बारा उथळ पिळाच्या खाचांची, आणि ती एवढं देऊ शकते हे मला आज कळलं.

मॅगझिनमधला प्लास्टिक फॉलोअर (काडतुसं ढकलणारा तुकडा) बदलून धातूचा, नारिंगी घातला. रिकामं झाल्यावर नारिंगी दिसतं, एवढाच फायदा. नळकांड्याच्या टोकाचा स्क्रू काढताना अंगठा लावून ठेवा, आतली स्प्रिंग लांबलचक आहे.

लिव्हर मात्र जमली नाही. थंडीत हातमोजे घालून बोटं अडकतात म्हणून मोठ्या कडीची लिव्हर मागवली. बसवली तर शेवटी कागदाएवढी फट राहायची. आणि या रायफलीत लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप सुटत नाही, तो सुरक्षेचा भाग आहे. लिव्हर घासून फट बुजवता आली असती, हात शिवशिवतही होते. पण तिचं टोक लॉकिंग बोल्टला (झाडताना बोल्ट अडवून धरणारा तुकडा) उचलतं, तिथे दोन थाऊ इकडेतिकडे झाले तर गोष्ट बंदूक बंद राहण्याची असते. परत पाठवली. मूळ लिव्हरला चामड्याची पट्टी विणून गुंडाळली. ती ओली करून ताणून विणायची, वाळल्यावर घट्ट बसते. कडी मोठी झाली नाही, पण बोटांच्या मागे थंड पोलाद लागायचं ते थांबलं.

दस्त्याचं काम लेकीने केलं. दोन आठवडे रोज संध्याकाळी जवसाच्या तेलाचे पाच-सहा थेंब, तळहाताने चोळून, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून. खालच्या बाजूला मार्लिनचा काळा-पांढरा ठिपका आहे, तो तिने काडीला कापूस लावून साफ केला. अक्रोडाच्या रेषा आता उजेडात हलतात.

नोव्हेंबर, तिसरा आठवडा

साफ करताना कॅरिअर (मॅगझिनमधलं काडतूस नळीपाशी उचलणारा तुकडा) उलटा करून बघितला. लिव्हरची कड जिथे त्याला घासते तिथे खाच पडली आहे, नख अडकतं. मार्लिन जॅम म्हणतात ती इथूनच सुरू होते : कॅरिअर पुरता खाली-वर होत नाही, दुसरं काडतूस त्याच्याखाली घुसतं आणि लिव्हर ना पुढे ना मागे. माझी अजून अडलेली नाही. खाच वेल्डने भरून सपाट करायची आणि लिव्हरची ती कड किंचित मोडायची, हा उपाय ठरलेला आहे. पण हे मूळ धातूवरचं काम आहे आणि माझ्या नियमाबाहेरचं. म्हणून वापरलेला पण न झिजलेला दुसरा कॅरिअर शोधून आणला. तो बसवून घेईन, मूळचा पाकिटात जाईल.

मंगळवारी गनस्मिथकडे जायचं आहे. त्याने लिव्हरही घेऊन ये म्हटलंय, चामडं न काढता.