समूहगानाची टीम

युवा महोत्सव, म्हणजे कॉलेजाकॉलेजांतली कलास्पर्धा, न केलेल्या माणसाला समूहगान म्हणजे शाळेतली प्रार्थना वाटते, सगळे ओळीत उभे आणि एका सुरात गातायत. तसं नसतं हो! सहा गाणारे, तीन साथीदार, दहा मिनिटं आणि सिनेमातलं गाणं चालत नाही, एवढ्याच नियमात पोरांची कॉलेजची सगळी वर्षं निघून जातात.

मी शिवाजी विद्यापीठाचा, आणि टीममध्ये साथीला, ढोलकी-हलगी. आमच्याकडे आधी कोल्हापूर, सांगली, सातारा असे जिल्ह्याचे महोत्सव होतात, मग मध्यवर्ती, आणि त्याच्यापुढं विद्यापीठाची टीम राज्याच्या इंद्रधनुष्य महोत्सवाला नाहीतर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या वेस्ट झोन स्पर्धेला जाते, तिथं नंबर काढला तर नॅशनल.

सिनेमाबंदीवर पहिल्या वर्षाची पोरं खूप कुरकुर करतात, मला मात्र तोच नियम सगळ्यात भारी वाटतो. कारण मग गाणं शोधायला बाहेर पडावं लागतं. कुणीतरी गोंधळ आणतो, कुणी भारूड, कुणाची आजी जोगवा म्हणत असते तिचं मोबाईलवर रेकॉर्डिंग येतं, आणि गावातल्या गोंधळ्याकडं बसलं की तो पहिल्या दहा मिनिटांतच सांगतो की तुम्ही धरलाय तो ठेका इथला नाहीच.

खरी मारामारी पट्टीवरनं होते, म्हणजे पेटीची कुठली काळी-पांढरी पट्टी ‘सा’ धरून गायचं त्यावरनं. मुलींना काळी चार-पाच सोयीची, मुलांना काळी एक नाहीतर पांढरी दोन, आणि गाणं एकच. मग मधे कुठंतरी पांढरी चार धरायची, म्हणजे मुलींचे खालचे सूर पुटपुटल्यासारखे लागतात आणि मुलं वरच्या पंचमाला गेली की मानेच्या शिरा मोजून घ्या. त्यामुळं बसवणारा हुशार असेल तर धृपद सगळ्यांना, वरचा अंतरा मुलींना आणि खालच्या ओळी मुलांना अशी वाटणी करतो. आपल्याला ओळच मिळाली नाही म्हणून रुसणारा एक गडी प्रत्येक टीममध्ये असतोच, त्याला शेवटचा हाकारा द्यायचा, विषय संपला.

आणि प्रवास! स्लीपरचा डबा, त्यात लोकनृत्यवाल्यांच्या ट्रंका, रांगोळीवाल्यांच्या रंगाच्या पिशव्या, नाटकवाल्यांचं काय काय, आणि आमची पेटी बर्थखाली जात नाही म्हणून कुणाच्या तरी पायाशी. प्रॅक्टिस डब्यातच. सुरुवातीला लोक वैतागतात, मग पुढच्या स्टेशनपर्यंत ऐकत बसतात, आणि शेवटी एखादे काका लाडात येऊन किशोरकुमारची फर्माईश करतात, मग काय, महिनाभर दाबून ठेवलेली सगळी सिनेमाची गाणी एकदम बाहेर पडतात. सकाळी उतरताना घसे बसलेले आणि टीम मॅनेजर सर कुणाशी बोलत नाहीत.

साथीदारांचं दुखणं वेगळंच. कोल्हापुरात मस्त लागलेली ढोलकी परगावच्या थंडीत सकाळी सकाळी पार उतरलेली असते. नट-बोल्टवाली असेल तर खिशात पाना ठेवायचा आणि नंबर पुकारेपर्यंत पिळत बसायचं. हलगीचं त्याहून अवघड, तिला ऊब लागते. मग ग्रीनरूमच्या मागं पेपर पेटवायचा, हलगी त्याच्यावर अंतर ठेवून फिरवायची, बोटानं टिचकी मारून कान लावायचा, बोद आवाज जाऊन खणखणीत ‘टण्ण’ आला की पळत विंगेत. अन् तेवढ्यात सिक्युरिटीवाला धूर बघून आला तर त्याला कोण समजावणार? आता बरेचजण चामड्याऐवजी फायबरचं पान लावतात, त्याला ना ऊब लागते ना काही. सोयीचं आहे, पण त्या आवाजात मला दम वाटत नाही. भांडा हवं तर.

मार्च आला की अर्धी टीम पास होऊन जाते, पुढच्या जूनपासून परत शून्यातनं. म्हणून तर जुनी पोरं नोकरीवरनं सुट्टी टाकून गाणी बसवायला येतात, चहा-वडापावच्या मानधनावर.

तुमच्या जवळपास महोत्सव असेल तर एकदा जाऊन ऐका, आमच्याकडं तरी दारात कुणी तिकीट मागत नाही. फक्त त्याच स्टेजवर नंतर लोकनृत्य असेल तर जरा लवकर जा, नाचाची गर्दी पुढच्या खुर्च्या सकाळपासनंच धरून बसते.