पेट्रा: दोन दिवसांचे तिकीट घ्या आणि मठाकडे मागच्या वाटेने या

जॉर्डनमधले पेट्रा, म्हणजे कातळात कोरलेले प्राचीन शहर, एका दिवसात आरामात पाहून होते आणि चालणे सगळे सपाटीवरचेच आहे, असे आमची सहल ठरवून देणाऱ्याने जळगाव सोडण्यापूर्वी ठामपणे सांगितले होते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून खानदेशातील आणखी कोणी वयस्कर मंडळींना घेऊन तिथे जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. देशाबाहेर जी ठिकाणे पाहिली, त्यांत कंबोडियातले अंग्कोर आणि इंडोनेशियातले बोरोबुदूर मला फार प्रिय आहेत, परंतु पुन्हा एकदाच कुठे जाता येणार असेल तर मी पेट्राच निवडीन. अजिंठ्यापासून साठेक किलोमीटरवर वाढलेल्या माणसाला कोरलेल्या दगडाचे फारसे अप्रूप वाटू नये. इथे मात्र सगळा हिशेबच उलटा आहे. अजिंठ्याचे वैभव लेण्यांच्या आत आहे, तर पेट्राचे बाहेर. खजिना म्हणून ओळखला जाणारा अल-खझनेचा दर्शनी भाग सुमारे ४० मीटर उंच आहे आणि आत डोकावले तर चित्र नाही, शिल्प नाही, नुसत्या रिकाम्या चौकोनी खोल्या दिसतात. आपला काळा बसाल्ट कुठे आणि तांबड्या, जांभळ्या, पिवळ्या पट्ट्यांचा तो वालुकाश्म कुठे! नबाती नावाच्या प्राचीन अरब व्यापारी लोकांनी साधारण दोन हजार वर्षांपूर्वी हे कोरले, पुढे बाहेरच्या जगाला त्याचा विसर पडला आणि १८१२ मध्ये बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी तिथे पोहोचल्यावर युरोपला ते पुन्हा कळले.

आता पैशांचे बोलू. आम्ही गेलो तेव्हा एका दिवसाचे तिकीट ५० दिनार, दोन दिवसांचे ५५ आणि तीन दिवसांचे ६० होते. एक दिनार म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आसपास. अवघ्या पाच दिनारांत दुसरा दिवस मिळत असताना जो एका दिवसाचे तिकीट काढून देतो, तो तुमचा वेळ वाया घालवतो, हे माझे स्पष्ट मत आहे. जॉर्डनमध्ये मुक्काम न करता आल्या दिवशीच परतणाऱ्यांना मात्र तेच तिकीट ९० दिनारांना पडते. याहून महत्त्वाचे म्हणजे भारतातून निघण्यापूर्वीच जॉर्डन पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा एकत्रित प्रवेश-पास, ऑनलाइन काढावा. दोन दिवसांच्या पेट्रासह तो ७५ दिनारांना होता आणि देशात किमान तीन रात्री राहिल्यास व्हिसाचे ४० दिनार माफ होतात. वेगवेगळे काढल्यास ९५ होतात, म्हणजे माणशी २० दिनार सरळ वाचतात. आम्हाला हे कोणीही सांगितले नव्हते.

प्रवेशद्वारापाशी घोडेवाले गाठतात. ‘तिकिटातच आहे, फुकट आहे’ असे ते म्हणतात आणि ते खरेही आहे, कारण सिक नावाच्या घळीच्या तोंडापर्यंतची घोड्यावरची फेरी तिकिटात धरलेली असते. मात्र उतरताना बक्षिसी मागितली जाते, आणि ती मागणी नसते, वसुली असते. आमच्या मेव्हण्यांकडे दहा दिनार मागितले आणि ते देईपर्यंत लगाम हातातून सोडला नाही. जेमतेम पाऊण किलोमीटरचा तो उतार आहे. तो पायीच उतरावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खजिन्यापर्यंत जाणारी बॅटरीवरची गाडी करावी, पण जाण्याचे की जाण्या-येण्याचे पैसे देतो आहोत, हे बसण्यापूर्वी ठरवावे. ‘वरून खजिना दाखवतो’ म्हणून कड्यावर चढवणाऱ्या पोरांच्या मागे मुळीच जाऊ नये.

सिकमधून घाईने जाणे हा मला अपराध वाटतो. सव्वा किलोमीटरच्या त्या अरुंद घळीत सगळे जण मान वर करून चालतात. तुम्ही भिंतीच्या पायथ्याकडे पाहा. दोन्ही बाजूंना कातळात पाण्याचे पाट कोरलेले आहेत आणि एका बाजूला भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे तुकडे अजून जागेवर आहेत. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात नबात्यांनी थेंब न् थेंब शहरापर्यंत आणला, आणि पुराचे पाणी घळीत शिरू नये म्हणून तोंडाशी बंधारा घालून ते बोगद्यातून बाजूला वळवले. पांझरा नदीवर बंधारे घालून पाटाने शेतांना पाणी देण्याची आपली फड पद्धत ज्याने पाहिली आहे, त्याला त्या पाटाचा उतार पाहताच कारागिराची अक्कल कळेल. मी तिथे बोटे फिरवत बराच वेळ उभा होतो. पाऊस असेल तेव्हा मात्र सिकमध्ये पाऊल टाकू नये. १९६३ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक तिथे बुडाले आहेत.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मठ म्हणून ओळखला जाणारा, खजिन्यासारखाच कातळात कोरलेला अद-दैर. खजिन्याहून तो रुंद, जवळजवळ ४७ मीटर, आणि मला विचाराल तर खजिन्याहून सरस. समोरून तिथे जायला सुमारे ८०० पायऱ्या चढाव्या लागतात. दुसरी वाट मागून, लिटल पेट्रा नावाच्या जवळच्याच छोट्या नबाती वस्तीकडून येते. ती सहाएक किलोमीटरची आहे आणि त्या वाटेने येऊन पायऱ्या उतरणे केव्हाही चांगले. परंतु ‘सपाट आहे, गप्पा मारत दोन तासांत पोहोचाल’ हे जे आम्हाला सांगितले गेले, त्याचा मला अजून राग येतो. सुरुवात सपाट आहे हे खरे. पुढे वाट कड्याच्या अंगाने वळते, काही ठिकाणी जेमतेम एक माणूस जाईल एवढीच उरते, उजवीकडे वादी अराबा या पश्चिमेकडच्या सखल खोऱ्याच्या दिशेने खोल दरी असते आणि कठडा कुठेही नाही. पायाखाली वाळूचा पातळ थर असतो, त्यावरून चपलेचा तळवा सरळ सरकतो. ‘आप्पा, डावा हात कातळावरून काढू नका,’ असे पुतण्या मागून सारखे सांगत होता आणि समोरून एक गट आला तेव्हा आम्हाला भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे लागले. ज्यांना उंचीचे भय आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी अवश्य जावे, कारण शेवटचे वळण ओलांडताच तो अख्खा दर्शनी भाग अंगावर येतो आणि त्या क्षणासाठी मी पुन्हा तेवढेच चालेन.

या वाटेवर तिकीट मिळत नाही. ते आदल्या दिवशी मुख्य केंद्रावर काढून ठेवावे. चौकीवर ते पाहतात. म्हणून पहिला दिवस सिक आणि शहराला, दुसरा मागच्या वाटेला, हाच क्रम धरावा. निघण्याची वेळ सकाळी सात. लिटल पेट्रापासून पुढे पिकअपवाले थोडे अंतर सोडतात; भाडे आधी ठरवावे. तळव्याला पकड असलेले बूट आणि माणशी तीन लिटर पाणी घ्यावे. जळगावचा मे महिना काढलेल्या माणसाला तिथले ऊन नवे नाही, पण हिवाळ्यातली वाऱ्याची थंडी नवी आहे, तेव्हा स्वेटर घ्यावा. वाटेत खायला आम्ही घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती आणि त्यांनीच निभावले. शाकाहारी माणसाची पेट्राला लागून असलेल्या वादी मूसा गावात हुमुस, फलाफल आणि खुब्झ या अरबी रोटीवर सोय होते.

सहलीतले बाकीचे, म्हणजे मृत समुद्र आणि वादी रमचे वाळवंट, सुखात पार पडले. त्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

परतीचा अंदाज मात्र नीट घ्या. पायऱ्या उतरून झाल्यावर दिवस संपल्यासारखा वाटतो, पण खजिन्यापासून प्रवेशद्वारापर्यंत अजून दोन किलोमीटर राहतात आणि सिकनंतरचा तो घोड्यांचा रस्ता आता चढ असतो. थकलेल्या पायांना तोच सर्वांत जड जातो आणि घोडेवाले नेमके तिथेच पुन्हा उभे असतात. एक लिटर पाणी त्या टप्प्यासाठी राखून ठेवा आणि मठापासून दुपारी दोनच्या आत उतरायला लागा.